खत ठीक, पंप भिकार: जालन्याच्या बोअरच्या पाण्यातला अनुभव

माशांच्या टाकीतल्या पाणवनस्पतींसाठी पावसाळ्यात मागवलेली ही ऑल-इन-वन खताची बाटली आता संपली. संपली म्हणजे पंपाच्या हिशेबाने. पंपाची नळी बुडापर्यंत पोचतच नाही, खाली दोन बोटं खत तसंच. कस्टमर केअरला फोटो पाठवला तर उत्तर, "कृपया बाटली तिरकी धरून वापरा." साहेब, तिरकी धरली की पंप हवा ओढतो आणि मापाच्या जागी नुसता फेस येतो. पंप बदलून मागितला तर म्हणे सुटा मिळत नाही, नवी बाटली घ्या! पैसे पूर्ण बाटलीचे मोजलेत, म्हणून झाकण काढून सिरिंजने शेवटचा थेंब ओढला. मेडिकलमधली साधी सिरिंज ह्या पंपाहून बिनचूक मापते.

आता खताबद्दल. टाकी ६० लिटरची, झाडांसाठी वेगळा सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) सोडत नाही, पाणी बोअरचं. काचेवर पांढरी रेघ धरते, पीएच ८ च्या आसपास. जावा फर्नच्या जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडायची. ही पोटॅशची कमतरता, आणि ती ह्या खताने गेली. भोक पडलेलं पान भरून येत नाही, नवी पानं बघायची असतात. ती धड आली. तेव्हा पाच स्टार दिले होते.

दिवाळीच्या सुमारास त्यातले तीन काढून घेतले. अ‍ॅमेझॉन स्वोर्डची कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. लक्षण लोह कमी असल्याचं, पण लोह तर लेबलवर लिहिलेलं! कंपनी म्हणाली डोस दुप्पट करा. केला. काचेवर शेवाळ वाढलं, पानं पिवळीच.

अंबडकडे मामाची मोसंबी आहे. फोटो बघून मामा म्हणाला, "हा तं केवडा हाय. चुनखडीच्या वावरात आमच्या झाडांना होतोच. फेरस कोणतं टाकतू?" लेबल वाचलं: ईडीटीए, म्हणजे लोहाला पाण्यात विरघळलेलं धरून ठेवणारं रसायन. पीएच सातच्या वर गेला की ईडीटीएची लोहावरची पकड सुटते, ते पाण्यातलं कॅल्शियम धरून बसतं आणि लोहाचा गंज होऊन तळाशी जातो. झाडाला काय मिळणार? चुनखडीत ईडीडीएचए हे त्याच कामाचं दुसरं रसायन टिकतं. मामाने बागेच्या पुड्यातलं काडेपेटीभर दिलं. अर्धा लिटर आरओच्या पाण्यात ५ ग्रॅम कालवायचं, त्यातलं १० मिली टाकीत. पुड्यावर लोह ६ टक्के असेल तर ६० लिटरला लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम पडतं. पाण्याला लालसर झाक येते, घाबरू नका. त्यानंतरची पानं हिरवीगार आली. व्हॅलिसनेरियाला ह्या सगळ्यात काहीच झालं नाही. ती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेते, बोअरवाल्यांनी आधी तीच लावावी.

म्हणून एक स्टार परत, एकूण तीन. खत खोटं नाही, मुंबईसारख्या मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यात चालेल. पण 'जड पाण्यात लोह लागू होणार नाही' एवढं छापायला शाई किती लागते? चौथा स्टार पंपाने खाल्ला.

पुढची बाटली घेणार नाही. पोटॅशसाठी कृषी सेवा केंद्रात ०-०-५० (नत्र-स्फुरद शून्य, पोटॅश ५० टक्के) मिळतं, स्वस्त पडतं. तिथून १९-१९-१९ मात्र उचलू नका, त्यात युरिया-अमोनिया असतो आणि आपल्या ८ पीएचला तो माशांना भोवतो.