लेकराच्या वस्तूंसाठी पेटी: तयार किट, संखेड्याचा डबा की पत्र्याची ट्रंक?

मूल गेलेल्या घरात पहिल्या पंधरवड्यात बहुतेक वेळा एक गोष्ट होते. एखादी काकू किंवा मावशी चांगल्या मनाने कपाट रिकामं करते, "डोळ्यांसमोर नको" म्हणून. कपडे कुणाकुणाला देऊन टाकले जातात. मग तीन-चार महिन्यांनी आपल्याच गल्लीत दुसऱ्या मुलाच्या अंगावर तोच पिवळा शर्ट समोर येतो आणि आई जिथल्या तिथे उभी राहते. म्हणून नातेवाइकांना आधीच सांगावं: सगळं एका चादरीत बांधून ठेवा, द्यायचं काय ते सहा महिन्यांनी बघू. दिलंच तर लांबच्या बालवाडीत द्या.

यातलं थोडंच कायमचं राहतं, आणि त्याला पेटी लागते. बडोद्यात राहणाऱ्यांपुढे साधारण तीन पर्याय असतात.

पहिला, ऑनलाइन मिळणारं 'मेमरी बॉक्स' किट. दिसायला देखणं: जाड पुठ्ठा, रिबन, छोटे छोटे खण. पण बहुतेक किट बाळ जन्मल्याच्या आनंदासाठी बनवलेली असतात. खणांवर छापलेलं असतं: पहिला दात, पहिलं पाऊल, शाळेचा पहिला दिवस. एनआयसीयूतूनच, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातूनच, गेलेल्या बाळाच्या आईबापांना ते रिकामे खण किती बोचतील, याचा विचार त्यात नसतो. लेबल खरवडली तर डिंकाचा डाग राहतो. शिवाय पुठ्ठा पावसाळ्यात दमट होतो आणि तळाशी कसर लागते. घ्यायचंच असेल तर खणांवर काहीही छापलेलं नसलेलं घ्या. हाता-पायाचा ठसा घ्यायची मातीही त्यात येते. ती पंख्याखाली घाईने वाळवली की तडकते, सावलीत दोन-तीन दिवस सावकाश वाळू द्या.

दुसरा, बडोद्याजवळच्या संखेडा गावचा लाखेचा डबा. सागवानावरचं ते पिवळं-तांबडं काम बडोद्याच्या मराठी घरांत झोपाळ्यापासून पाटापर्यंत दिसतं, त्यामुळे तो घरात परका वाटत नाही. आजी-आजोबांना हाच आवडतो. अडचण आकाराची आहे. लेथवर कातलेला डबा गोल असतो, त्यात शाळेचं प्रगतिपुस्तक दुमडल्याशिवाय मावत नाही, आणि घडीवर कागद आधी फाटतो. लाख उन्हात मऊ पडते, म्हणून डबा खिडकीत ठेवू नये. जावळ, वाळे, दुधाचे दात, एखादी खेळण्यातली मोटार एवढ्याच ऐवजासाठी उत्तम.

तिसरा, जुन्या शहरातल्या दुकानांत मिळणारी पत्र्याची पेटी. आमचं मत हिच्या बाजूने आहे. साधारण १८ × १२ × ९ इंची घ्या. यापेक्षा मोठी घेतली की सगळंच कोंबलं जातं आणि मग उघडायची भीती वाटते. दुकानात झाकण उलटं करून सांधे बघा. आतून रंग नसेल तर गंज कोपऱ्यांतून सुरू होतो आणि कपड्यांवर तपकिरी ठिपके पडतात. आत मांजरपाटाचे दोन थर घाला, पण कापड आधी दोनदा धुऊन खळ काढा. खळीवर कसर येते. वर्तमानपत्र अंथरू नका, त्यातलं आम्ल शेजारचा कागदही पिवळा करतं. डांबरगोळ्यांचा वास मुलाचा वास खाऊन टाकतो. त्याऐवजी ओल शोषून घेणारं ५० ग्रॅम सिलिका जेल पातळ पिशवीत ठेवा. निळं टाळा, त्यात कोबाल्ट असतं, नारिंगी घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर तासभर तापवलं की पुन्हा कामाला येतं.

पेटी खाटेखाली ठेवायची सवय आपल्याकडे आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदी बडोद्यात घराघरांत शिरली, तेव्हा सगळ्यात आधी भिजल्या त्या जमिनीवरच्या वस्तू. माळ्यावर मे महिन्यात भट्टी होते. म्हणून आतल्या भिंतीच्या कपाटाचा वरचा कप्पा बरा.

आता आत काय. इथे बहुतेक घरांत एकच चूक होते आणि ती भरून येत नाही. सोनोग्राफीचे फोटो आणि ईसीजीच्या पट्ट्या सहसा थर्मल कागदावर असतात. जपण्यासाठी म्हणून कुणीतरी त्या लॅमिनेट करून आणतो आणि उष्णतेने सगळा कागद काळा होतो. बाळाचा तो एकुलता एक फोटो असू शकतो. त्याच आठवड्यात स्कॅन करा, ६०० डीपीआयवर, आणि मूळ प्रत साध्या कागदी पाकिटात ठेवा. पीव्हीसीच्या पारदर्शक प्लास्टिक फोल्डरमध्येही तो फोटो फिका पडतो.

कपड्यांपैकी एकच न धुता ठेवा, पूर्ण कोरडा करून, झिप असलेल्या पॉलिथिनच्या पिशवीत. बाकीचे धुऊन ठेवा. दुधाचे डाग पुढे पिवळे पडतात आणि किडे बोलावतात. पिशवी वारंवार उघडली की वास लवकर उतरतो आणि कितीही जपलं तरी एक दिवस तो जातोच, हे आईला आधी माहीत असलेलं बरं.

मूल मोठं असेल तर फोनकडे लगेच बघा. व्हॉट्सॲप खातं १२० दिवस वापरलं नाही तर साधारणपणे बंद होतं. गूगलचं खातं दोन वर्षं पडून राहिलं तर हटवलं जाऊ शकतं. प्रीपेड नंबर बंद झाला की पुढे दुसऱ्या कुणाला मिळतो, आणि "आई, पोचलो" असा निरोप आलेल्या नंबरवरून भलताच आवाज येतो. व्हॉइस नोट निर्यात करून तीन जागी ठेवा. पेन ड्राइव्हवर विसंबू नका, दोन वर्षांनी नवी प्रत काढा.

किल्ल्या दोन, एक आईकडे, एक बाबांकडे. एकाला रोज उघडावंसं वाटतं, दुसऱ्याला वर्षभर बघवत नाही. यावरून भांडणं होतात आणि दोघांचंही बरोबर असतं. शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलं की शोक करणारा माणूस दुःखाकडे आणि रोजच्या जगण्याकडे असा हेलकावत राहतो, आणि हे हेलकावणंच निरोगी आहे. पेटी या येरझारीला दार देते. अर्धा तास उघडा, रात्री उशिरा नको, आणि मागोमाग काहीतरी ठरवलेलं असू द्या: कमाटीबागेत फेरी, शेजारणीकडे चहा. भावंडांसाठी वेगळा छोटा डबा द्या, त्यात त्यांनी काय ठेवलं ते विचारू नका. वाढदिवसाला एक नवी वस्तू घाला. धाकटीने काढलेलं चित्र चालेल, मुलाच्या नावाने शाळेला दिलेल्या पुस्तकांची यादी चालेल. आत हसू येईल असं काहीतरी हवंच, निदान ते चुकीच्या स्पेलिंगचं ग्रीटिंग कार्ड.

पेटी जे करू शकत नाही ते डॉक्टरांचं काम. तीव्र ओढ आणि रोजचं जगणं ठप्प होणं सहा महिन्यांपलीकडे तसंच राहिलं तर जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, आयसीडी-११, त्याला लांबलेला शोक म्हणते. डीएसएम या अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या पुस्तकातली मुदत मोठ्यांसाठी बारा महिन्यांची आहे. जगावंसं वाटत नसेल तर मुदत मोजत बसू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, आणि मराठीतही बोलता येतं.

दुकानदार झाकणावर नाव रंगवून देतो. बाहेर नको म्हणा, येणारा-जाणारा वाचतो आणि विचारतो. आतल्या बाजूला घालून घ्या. ऑइल पेंट वाळायला वेळ लागतो, म्हणून आठवडाभर झाकण उघडं ठेवा, वास गेला की मग मांजरपाट अंथरा.