नऊ महिने कव्हर वापरल्यावर: कबुतरांशी तह झाला, पिशवीशी नाही

फेब्रुवारीत १,७४९ रुपयांना घेतलेलं गाडीचं हे चंदेरी कव्हर आता नऊ महिने वापरून झालंय. माप, थर, आतलं अस्तर सगळं कंपनीच्या जाहिरातीत दिलेलंच आहे, ते परत सांगत बसत नाही. हा अनुभव मी एप्रिलमध्येच रागाच्या भरात लिहायला घेतला होता, एक तारा देऊन मोकळा होणार होतो. राहून गेलं ते बरं झालं.

आधी जागा कशी ते कळायला हवं. दादर पूर्व, हिंदू कॉलनीतली जुनी इमारत, पार्किंग म्हणजे रस्त्याची कड. डोक्यावर पर्जन्यवृक्ष, त्याला लागून देशी बदाम. संध्याकाळी कावळे मुक्कामाला, रात्री बदामावर वटवाघळं, आणि दिवसभर कबुतरं, कारण समोरच्या एक काकू खिडकीत ज्वारी टाकतात. पुण्य त्यांना, प्रसाद माझ्या बॉनेटला.

जानेवारीत चार दिवस गावाला गेलो होतो. आल्यावर बॉनेटवर पाच रुपयांच्या नाण्याएवढा डाग. धुतल्यावर घाण गेली, पण नाणं रंगात उमटलेलंच राहिलं. परळच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, हे ॲसिडचं जेवढं काम आहे तेवढंच उन्हाचं." उन्हात पत्रा तापला की वरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) जरा मऊ पडून प्रसरतो, रात्री गार होताना वाळलेल्या घाणीभोवती आवळतो आणि तिचाच आकार घेऊन बसतो. त्यातलं पांढरं म्हणजे युरिक ॲसिड, ते साध्या पाण्यात धड विरघळतही नाही. रबिंग मारून देतो म्हणाला, पण क्लिअर कोट असतो ४०-५० मायक्रॉनचा, केसापेक्षा पातळ, दर वेळी घासलं तर उरणार काय? ८०० रुपये गेले. तिरक्या उन्हात नाणं अजून दिसतं.

म्हणून कव्हर. आणि कव्हरबरोबर ती पिशवी.

कारखान्यात यंत्राने दाबून भरलेलं कव्हर पहिल्यांदा बाहेर काढलं, तो शेवटचा प्रसंग जेव्हा ते त्या पिशवीत होतं. दुसऱ्या दिवशी मी आणि मुलाने मिळून कोंबायचा प्रयत्न केला. तो पिशवीवर गुडघा देऊन बसला, मी चेन ओढली, चेनचा दात उडाला. नऊ महिन्यांत शिवण उसवली नाही, इलॅस्टिक सैल झालं नाही, पोटाखालचा बक्कल-पट्टासुद्धा शाबूत आहे (उंदरांचं लक्ष अजून गेलेलं नाही). पण ज्या माणसाने त्या पिशवीचं माप ठरवलं, त्याने आयुष्यात एकदा तरी कव्हर घडी करून पाहिलंय का?

तुम्ही म्हणाल, पिशवीचं काय एवढं घेऊन बसलात. तर ऐका. कव्हर घातलं की घाण गाडीवर पडायची थांबते, कव्हरवर पडते. सकाळी ऑफिसला जाताना ते काढून ठेवायचं कुठे? डिकीत ठेवलं तर एप्रिलच्या उकाड्यात गाडीत कबुतरखान्याचा वास. गॅलरीच्या कठड्यावर टाकलं तर सोसायटीची चिठ्ठी. वॉचमनने केबिनमध्ये ठेवायला हात जोडले. घरात आणलं तर बायको दारातच उभी: "उंबऱ्याच्या आत ते यायचं नाही." तेव्हा मला ती नखरे करतेय असं वाटलं होतं. नखरे नव्हते. कबुतरांची वाळलेली विष्ठा भुकटी होऊन श्वासात गेली की फुप्फुसांना त्रास होतो, दादरचा कबुतरखाना, म्हणजे कबुतरांना दाणे टाकायची जुनी जागा, बंद करण्यामागेही आरोग्याचंच कारण होतं. आणि मी रोज सकाळी ते कव्हर चादरीसारखं झटकत होतो. नाकासमोर.

एप्रिलमधला एक तारा तो हाच.

मत बदललं ते आमच्या गाडी पुसणाऱ्यामुळे. महिना ६०० रुपये घेतो आणि सल्ला फुकट देतो. एकदा माझी झटापट बघून म्हणाला, "काका, असं नाय. दोन्ही बाजू टपावर टाका." दोन्ही बाजूंचे पदर उचलून टपावर टाकले की घाणीवर घाण येते, स्वच्छ अस्तर वर राहतं. मग मागून पुढे गुंडाळत जायचं. घाण सगळी आत, हाताला अस्तरच लागतं. घालताना तीच गुंडाळी टपावर ठेवून उलट उलगडायची. पाच मिनिटांचं काम दीड मिनिटावर आलं. ताजी घाण असेल तर आधी त्यावर पाणी मारतो, म्हणजे भुकटी उडत नाही. हे चित्र काढून डब्यात टाकायला कंपनीला किती खर्च आला असता?

पावसाळ्याचं थोडक्यात. २०२५ ला २६ मेलाच पाऊस आला, मग पावसाळाभर कव्हर जवळजवळ घातलंच नाही. ओलं कव्हर दोन दिवसांत कुबट होतं, आणि खाली धूळ राहून वाऱ्यावर ते फडफडलं तर रंगावर बारीक चरे पडतात. धुतलेल्या गाडीवरच घाला. चंदेरी थर टपावर थोडा सुटलाय, पाणी थेंब थेंब झिरपतं. या किमतीत चालायचंच.

ऑगस्टमध्ये कबुतरखाना बंद करायला त्यावर ताडपत्री पडली, त्यानंतर आमच्या गल्लीत गर्दी वाढली असा मला संशय आहे. बायको म्हणते, तू आता मोजायला लागलायस म्हणून वाटतं.

पण पावसाळ्यात खरा उपयोगी पडला तो न्हाव्याकडे असतो तसला फवारा, ६० रुपयांचा. अर्धा लिटर पाण्यात चमचाभर खायचा सोडा. घाण दिसली की टिश्यूची घडी ठेवायची, फवाऱ्याने चिंब भिजवायची, दहा मिनिटं हात लावायचा नाही. मग सगळं एकदम उचलून घ्यायचं, घासायचं नाही, कारण घाणीत बिया आणि खडे असतात आणि तेच पॉलिश पेपरचं काम करतात. शेवटी साध्या पाण्याने धुवायचं. भांड्याचा साबण नको, तो मेण काढतो. पुसणाऱ्यालाही कोरड्या फडक्याने खरवडू नको म्हणून बजावलंय. मान डोलावतो, आणि मी नसताना खरवडतो.

आता १,७४९ विरुद्ध ६० असा हिशोब मांडला तर कव्हर हरतं, हे मला मान्य आहे. पण गाडी दोन-तीन दिवस उभी राहणार असेल तर फवारा घेऊन कोण उभं राहणार? दिवाळीत आठ दिवस रत्नागिरीला होतो. आल्यावर कव्हरचा नकाशा झाला होता, खाली गाडी कोरी. त्या दिवशी चार तारे ठरवले. रोज गाडी काढत असाल तर मात्र घेऊ नका, फवाऱ्यावर भागेल.

राहिली पिशवी. ग्राहक सेवेला तीन महिन्यांत सात वेळा फोन केला. "सर, बॅग कॉम्प्लिमेंटरी असते, वॉरंटीमध्ये येत नाही." मी म्हटलं, मग जाहिरातीत "पिशवीसह" का लिहिता? शेवटी सप्टेंबरमध्ये कुरियर आलं. नवी पिशवी. त्याच मापाची.

म्हणजे एका कव्हरला दोन पिशव्या, आणि कव्हर डिकीत जुन्या बेडशीटमध्ये बांधलेलं. फाटक्या चेनच्या पिशवीत फवारा, सोडा आणि टिश्यू बरोब्बर मावतात. दुसरी कोरी आहे, चेनसकट. कोणाला हवी असेल तर हिंदू कॉलनीत येऊन घेऊन जा. कुरियर करणार नाही.