पहिलं ओव्हरक्लॉक तपासायचं कशावर: सिनेबेंच, ओसीसीटी की प्राइम ९५?

ओव्हरक्लॉक केलं (प्रोसेसरला ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलं), विंडोज उघडलं, गेमही तासभर चालला, म्हणजे जमलं, असं पहिल्यांदा करणाऱ्या बहुतेकांना वाटतं. पण प्रोसेसर दोन तऱ्हांनी दगा देतो. एक उघड: निळा स्क्रीन, हँग, आपोआप रीस्टार्ट. दुसरा गुपचूप: मशीन सुरळीत चालू असतं, पण कोट्यवधी हिशेबांतला एखादा चुकतो. मग झिप फाइल उघडत नाही, व्हिडिओ एक्सपोर्ट मध्येच बिघडतो आणि शिव्या खातं सॉफ्टवेअर. कुठला दगा पकडायचा आहे, त्यावर टेस्टची निवड ठरते.

उदाहरणाला इंटेलचा कोअर आय५ १२६००के घेऊ. मूळ सेटिंगवर त्याचे पी-कोअर (वेगवान मुख्य कोअर) ४.९ गिगाहर्ट्झपर्यंत जातात, पण सगळ्यांवर भार पडला की ४.५ च्या आसपास येतात. आपल्याला सहाच्या सहा पी-कोअर ४.९ वर धरून ठेवायचे आहेत. तपासणी होईपर्यंत रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं तयार सेटिंग) बंद ठेवा. नाहीतर एरर आली की गुन्हेगार रॅम की प्रोसेसर, हे शोधण्यातच रविवार जाईल.

सिनेबेंच आर२३ फुकट आहे आणि सोपं आहे. मल्टी-कोअर टेस्ट दहा मिनिटं सलग चालते आणि चित्र रेंडर होत राहतं. व्होल्टेज फारच कमी पडत असेल तर ते इथेच कळतं, बहुधा पहिल्या काही मिनिटांतच. स्कोअरही उपयोगी पडतो: क्लॉक (वेग) वाढवूनही स्कोअर घसरला तर चिप तापून स्वतःच वेग कमी करते आहे. मात्र काढलेलं चित्र बरोबर आहे की नाही, याच्याशी सिनेबेंचला देणंघेणं नाही. चुकीचा हिशेब त्यात खपून जातो. त्यामुळे चाळणी म्हणून ते उत्तम आहे, पण त्यावर पास झालेल्या सेटिंगला स्थिर म्हणायला मी तयार नाही.

प्राइम ९५ दुसऱ्या टोकाला आहे. मर्सेन मूळ संख्या (दोनच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या) शोधणाऱ्या, १९९६ साली सुरू झालेल्या गिम्प्स प्रकल्पाचं हे सॉफ्टवेअर. तिथे एक बिट चुकला तरी कित्येक दिवसांचं गणित वाया जातं, म्हणून ते स्वतःचे हिशेब सतत तपासतं. टॉर्चर टेस्टमध्ये चूक सापडली की खिडकीत ओळ येते: ‘फेटल एरर: राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४’. तो एक वर्कर (हिशेबाचं एक काम) थांबतो, बाकीचे चालूच राहतात आणि विंडोजला पत्ताही नसतो. गुपचूप दगा म्हणतात तो हाच. नजर किती तिखट आहे ते २०१६ च्या सुरुवातीला दिसलं. ओव्हरक्लॉक न केलेले इंटेलचे स्कायलेक पिढीचे प्रोसेसरसुद्धा प्राइम ९५ च्या एका ठरावीक गणितावर हँग होत होते. इंटेलला ते मान्य करून बायॉस अपडेटमधून दुरुस्ती द्यावी लागली.

अडचण उष्णतेची आहे. स्मॉल एफएफटी (प्राइम ९५ मधला सर्वात तापवणारा पर्याय) एव्हीएक्ससकट, म्हणजे एका झटक्यात अनेक हिशेब करणाऱ्या सूचनांसकट, लावलं तर सिनेबेंचमध्ये ऐंशी अंशांच्या आत राहणारी चिप साध्या एअर कूलरवर शंभराला टेकू शकते. शंभर ही या चिपची मर्यादा. तिथे पोहोचली की ती क्लॉक उतरवते, आणि मग आपण ४.९ ची परीक्षा घेतच नसतो. अशा वेळी टेस्टच्या खिडकीतच एव्हीएक्स आणि एव्हीएक्स२ बंद करायच्या चौकटी आहेत, त्या टिक करा. रोजच्या कामात इतका भार सहसा येत नाही. शेजारी एचडब्ल्यूइन्फो (तापमान, क्लॉक दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडं ठेवून तापमानाइतकंच क्लॉककडेही बघा.

ओसीसीटी या दोघांच्या मधलं, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला मी तेच सुचवेन. हेही हिशेब पडताळतं, पण चूक सापडली की कोणत्या कोअरवर ते लाल अक्षरांत सांगतं. तापमानाची मर्यादा आपण ठरवून दिली की तिथे टेस्ट आपोआप थांबते, आलेख समोरच असतात. स्मॉल डेटा सेट कोअरला ताण देतो, लार्ज हा रॅमशी बोलणाऱ्या मेमरी कंट्रोलरपर्यंत पोहोचतो. घरगुती वापराला फुकट आवृत्ती पुरते.

अशीच आणखी दोन सॉफ्टवेअर आहेत. एआयडीए६४ देखणं आहे, पण विकतचं आहे आणि नुसता सीपीयूचा पर्याय लावला तर मवाळ. वाय-क्रंचर कडक आहे, पण ते दुसऱ्या खेपेला.

मग निवड कशी करायची? फक्त गेमिंग असेल तर सिनेबेंच दहा मिनिटं आणि ओसीसीटी तासभर एवढ्यावर मी थांबेन. एडिटिंग, अकाउंट्स, कोड कंपाइल असं काम असेल तर त्याशिवाय प्राइम ९५ रात्रभर. रात्रभर म्हणजे लाईट जाण्याची तयारी हवी. सकाळी मशीन रीस्टार्ट झालेलं दिसलं आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) कर्नल-पॉवर ४१ असेल, तर एवढ्यावरून चिपला दोष देऊ नका: ती नोंद वीज गेल्यावरही होते आणि चिप गोठल्यावर बटण दाबून बंद केलं तरी. टेस्ट संपल्यावर तिथेच ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ शोधा. प्रोसेसरने स्वतःच सावरलेल्या चुका तिथे नोंदल्या जातात, आणि त्या दिसत असतील तर पास झालेली टेस्टही मी नापास धरतो.

एएमडीच्या रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं सेटिंग) वापरणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे पूर्ण भारावर सगळं ठीक असतं आणि मशीन पडतं ते ब्राउझर उघडताना, कारण एकच कोअर सर्वात वर धावत असतो. त्यांनी एकेक कोअर तपासणारं कोअरसायकलर आधी लावावं.

नापास झालात तर व्होल्टेज चढवण्याआधी क्लॉक शंभर मेगाहर्ट्झने उतरवून बघा. व्होल्टेज वाढलं की उष्णता त्याच्या वर्गाच्या पटीत वाढते आणि ४.८ व ४.९ मधला फरक गेममध्ये जाणवतही नाही. जानेवारीत पुण्यात पास झालेलं सेटिंग मे महिन्यात नागपुरात नेणार असाल तर दहा-पंधरा अंशांची मोकळीक आधीच ठेवा. खोली जितकी तापेल, साधारण तितकीच चिपही वर जाते.