सोलो रोल की टीमवाला? स्वभाव बघून ठरव

दोन्ही ऑफर हातात असतील तर आधी ती चार अक्षरांची पर्सनॅलिटी टेस्ट (MBTI, INTJ वगैरे टाइप सांगणारी) बाजूला ठेव, काही आठवड्यांनी परत दिली की बऱ्याच जणांचा टाइपच बदलतो.

आयडियांमध्ये सोलो पुढे. १९५८ साली येलमधल्या प्रयोगात एकेकटे बसलेल्यांच्या आयडिया एकत्र केल्या तर त्या ग्रुपमध्ये बसून ब्रेनस्टॉर्मिंग करणाऱ्यांपेक्षा जास्त भरल्या, कारण ग्रुपमध्ये एक बोलत असतो तेव्हा बाकीचे थांबतात, लाजतात, किंवा कोणीतरी बोलेलच म्हणून गप्प बसतात. मेहनतीचंही तसंच, फ्रेंच इंजिनियर रिंगेलमननी माणसांना दोरी ओढायला लावली तर माणसं वाढली तसा प्रत्येकाचा जोर कमी झाला.

चुका पकडायला मात्र टीमच हवी, आपली चूक आपल्याला दिसत नाही.

आता स्वभाव. इंट्रोव्हर्ट म्हणजे टीममध्ये नालायक हे साफ चूक, तो कमी बोलका असतो एवढंच. जुळवून घेणं हा वेगळा गुण आहे, आणि बडबडे लोक त्यात कधीकधी जाम कच्चे असतात (मीटिंग आठव!).

स्वतःच्या पद्धतीने, सलग, शांत काम हवं असेल आणि डेडलाइन स्वतः पाळता येत असेल तर सोलो घे. बोलता बोलता सुचत असेल, कोणी विचारल्याशिवाय काम हलत नसेल तर टीम. दोन्ही थोडं थोडं हवं असेल तर टीमच घे, पण सुरुवातीचा विचार एकट्याने करायला वेळ मिळेल का ते जॉइन व्हायच्या आधीच विचारून घे.