क्षमता नियोजन: कलरेषा की रांगेचे गणित?

पुढच्या वर्षी किती सर्व्हर लागतील हे ठरवताना अनेक मोठ्या संस्थांत मागील महिन्यांच्या सीपीयू (संगणकाचा मुख्य प्रक्रियक) वापराचा आलेख घेऊन त्याची रेषा, म्हणजे कलरेषा, पुढे वाढवली जाते. ही पद्धत सोपी आहे, व्यवस्थापनाला चटकन पटते, आणि डिस्कवरील जागेसारख्या साठत जाणाऱ्या गोष्टींसाठी पुरेशीही आहे. प्रतिसादाच्या वेळेबाबत मात्र ती दगा देते, कारण वापर सरळ रेषेत वाढला तरी प्रतीक्षा तशी वाढत नाही.

डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोन वाहतुकीसाठी मांडलेल्या विचारातून वाढलेले रांगेचे गणित, म्हणजे आलेल्या विनंत्यांना किती थांबावे लागेल याचा हिशेब, नेमके हेच दाखवते. एकाच सर्व्हरच्या सर्वांत साध्या प्रारूपात एका विनंतीच्या कामाला सरासरी २० मिलिसेकंद लागत असतील, तर ५० टक्के वापरावर, म्हणजे सर्व्हर निम्मा वेळ कामात असताना, रांगेतील थांबणे धरून प्रतिसाद सरासरी ४० मिलिसेकंदांत मिळतो, ८० टक्क्यांवर त्याला १०० आणि ९० टक्क्यांवर तब्बल २०० मिलिसेकंद लागतात. शेवटच्या दहा टक्क्यांतच वेळ दुप्पट झाली, हे वापराची रेषा कधीच सांगत नाही.

या गणिताला कामाच्या वेळेचे काटेकोर मोजमाप लागते, आणि पाच-पाच मिनिटांच्या सरासरीत गर्दीचे क्षण बुजून जातात, ही अडचण खरी आहे. तरीही ज्या प्रणालीसमोर माणूस उत्तराची वाट पाहत बसलेला असतो, तिच्यासाठी मी रांगेचे गणितच निवडेन.