सही ड्यूकची, फास दुसऱ्याला

पतसंस्थेत तेवीस वर्षं वसुली केली, तीही निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात. कर्ज मंजूर करणारं संचालक मंडळ कोणाच्या लक्षात राहत नाही, दारात वही घेऊन उभा राहिलेला माणूस राहतो. त्यामुळे गंगापूर रोडला हौशी मंडळींनी केलेलं हे दोन अंकी नाटक मी जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं.

नायक योझेफ झ्यूस ओपेनहायमर, जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग संस्थानाचा राजा, म्हणजे ड्यूक, कार्ल अलेक्झांडर याचा ज्यू दरबारी सावकार. टांकसाळ त्याच्याकडे, नवे कर त्याच्या डोक्यातले, पैसा मात्र ड्यूकच्या फौजेला आणि थाटाला. त्याला साधुसंत केलेलं नाही, हे बरं. सरकारी पदांचा भाव तो मेथीची जुडी घेतल्यासारखा करतो.

नाटक चढतं ते एका कागदावर. 'कारभाराबद्दल याला जबाबदार धरू नये' असं तो ड्यूककडून लिहून घेतो. नट तो कागद घडी करून आतल्या खिशात ठेवतो आणि पुढे बोलता बोलता छातीवरून हात फिरवत राहतो, आहे ना म्हणून. जप्तीला जाताना साहेबांचं पत्र मीही असंच चाचपायचो. १२ मार्च १७३७ ला ड्यूक अचानक मरतो. त्याच रात्री याला अटक. कागद कोणी उघडूनही बघत नाही. दरबारी लोक आतापर्यंत 'ज्यू' हा शब्द कुजबुजत होते, आता तोच ओरडून म्हणतात.

शेजारचे काका पुटपुटले, "सावकाराला असंच पाहिजे." मी गप्प बसलो. मलाही पिंपळगावला एका ओट्यावर हेच ऐकवलं होतं, फक्त माझी जात कोणी काढली नव्हती.

खटला लांबलाय. उलट, सोबत पकडलेले ख्रिस्ती अधिकारी सुटले हे एका वाक्यात उरकलंय. खरं तर त्याच जागी नाटकाने जरा रेंगाळायला हवं होतं. याच माणसावर नाझींनी १९४० साली विखारी चित्रपट काढला, तेव्हा एवढी काळजी घ्यायलाच हवी.

४ फेब्रुवारी १७३८ ला स्टुटगार्टमध्ये त्याला फाशी दिली आणि प्रेत सहा वर्षं लोखंडी पिंजऱ्यात टांगून ठेवलं. इथला पिंजरा पीव्हीसी पाइपला चंदेरी रंग मारून केलेला, थोडा हलतो. तरी पोटात गोळा आला.

तिकीट दोनशे. मागच्या रांगा घेऊ नका. कोठडीत धर्म बदलायला सांगणारा पाद्री काय म्हणाला ते पंख्यांच्या घरघरीत मला कळलंच नाही. ओपेनहायमरचं 'नाही' तेवढं ऐकू आलं.