ब्रेल डिस्प्लेवर बीजगणित, अकरावीचं वर्ष वापरल्यानंतर

मी पूर्ण अंध, सायन्सला आहे, आणि दहावीपर्यंत सगळं गणित टेलर फ्रेमवर केलंय. आठ कोनांची भोकं असलेली पाटी, त्यात टाइप (धातूचे छोटे तुकडे) फिरवून बसवायचे, आठ दिशा आणि टाइपची दोन टोकं म्हणून १६ चिन्हं होतात, बीजगणिताचे टाइप वेगळे. आकडेमोडीला मस्तच, पण मोठं समीकरण सोडवताना पाटी भरली की आधीच्या स्टेप्स उपसाव्याच लागतात, मग सरांना दाखवायला काही उरत नाही.

आता २० सेलचा ब्रेल डिस्प्ले आहे, म्हणजे बोटाखाली ब्रेलची टिंबं वर येणारी एक ओळ, एका सेलमध्ये ब्रेलचं एक चिन्ह. रफ काम त्याच्याच एडिटरमध्ये, नेमेथ कोडमध्ये, म्हणजे गणितासाठीच्या ब्रेल लिपीत. साध्या इंग्रजी ब्रेलमध्ये आकडे ए ते जे या अक्षरांच्याच टिंबांचे असतात, नेमेथमध्ये ते सेलच्या खालच्या भागात येतात, त्यामुळे '२बी' वाचताना बोट अडखळत नाही. आधीची ओळ कॉपी करायची, खाली पेस्ट करून फक्त बदललेलं पद सुधारायचं, चिन्ह कुठे फिरलं ते लगेच वर जाऊन बघता येतं. मला सगळ्यात जास्त फायदा याचाच झाला.

फेअर करताना डिस्प्ले लॅपटॉपला जोडून वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबतो, समीकरण टाइप करतो. एनव्हीडीए (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि त्याला जोडायचं गणितासाठीचं मॅथकॅट, दोन्ही फुकट, अंश वेगळा छेद वेगळा असं तुकड्यातुकड्याने वाचून दाखवतात आणि तेच बोटाखाली नेमेथमध्ये येतं. नुसतं ऐकून काम भागत नाही हं, 'ए अधिक बी भागिले सी' मध्ये अपूर्णांक कुठून सुरू झाला ते ब्रेलमधल्या उघडत्या-मिटत्या खुणांनीच पक्कं कळतं.

त्रास आहे तो २० सेलचा. क्ष² + ५क्ष + ६ = ० हे १५ सेलमध्ये बसतं, पण वर्गसमीकरणाचं सूत्र मावत नाही, छेदापर्यंत पोचेस्तोवर सुरुवात बोटाखालून गेलेली असते आणि ती डोक्यात धरून ठेवावी लागते. ४० सेलचा परवडत असेल तर तोच घ्या. आलेख अजून रबर शीटवरच काढतो, तिथे रेघ बोटाला लागेल अशी उठून येते, एका ओळीत ते जमणारच नाही.

अब्राहम नेमेथ स्वतः अंध होते, त्यांनाही गणित सोडून मानसशास्त्र घ्यायला लावलं होतं, पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९५२ मध्ये हा कोड आला. तुमच्या मुलाला कुणी गणित सोड म्हणत असेल तर प्लीज ऐकू नका. आठवी-नववीतच नेमेथ शिकवायला घ्या, त्याला स्लेट आणि स्टायलस (हाताने ब्रेल टोचायची पट्टी आणि टोच्या) पुरते, डिस्प्ले नंतर घेतला तरी चालेल.